तीनदा विसळून

“आज पाणी पास हुणार का न्हाई, तेवढं आदी सांग. च्या मागनं,” हौसाक्का म्हणाली आणि मी जीपचं दार पुरतं उघडायच्या आत तिनं माझ्या हातातली बाटल्यांची पेटी ओढून घेतली.

“अहो, उतरू तर द्या मला! आणि पेटी जमिनीवर नका ठेवू. ताडपत्रीवर, ताडपत्रीवर! किती वेळा सांगितलंय?”

“बया, किती वरडती!” ती हसत म्हणाली आणि पेटी लेकरासारखी पोटाशी धरून ताडपत्रीकडे निघाली.

एप्रिलची सकाळ होती. आता त्याला सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा भूजल खात्यात रसायनतज्ज्ञ होते, वय एकतीस, आणि स्वभाव आजच्याइतकाच खडूस. माझ्याबरोबर असायचे बाबर. जीप तेच चालवायचे, पंपही तेच सोडायचे, आणि माझ्यामागे मला ‘नियमबाई’ म्हणायचे. मला ते ठाऊक होतं. राग यायचा म्हणता? छे, मला त्याचा माजच होता.

खिलारेवस्ती माणदेशाच्या कडेला, अकरा घरांची. वरच्या अंगाला एक रंगाचा कारखाना होता. तो बंद पडला, पण जाता जाता जमिनीत सोडलेली घाण मागे ठेवून गेला आणि ती झिरपत झिरपत वस्तीच्या विहिरीपर्यंत पोचली. पाणी पिवळं पडलं. विहिरीवर लोखंडी जाळी बसली, लाल पाटी लागली. दहा घरं कुलपं लावून रस्त्याकडेच्या गावात राहायला गेली. हौसाक्का तेवढी हलली नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच लेक, शालन, ती दिघंचीला दिलेली. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा आणि हिचं एक पिंप भरून जायचा. त्यावर तिचा संसार चालायचा.

विहिरीपासून वीस पावलांवर खात्यानं एक निरीक्षणाची बोअर घेतली होती. उघड्या विहिरीत पाऊस पडतो, पालापाचोळा पडतो. जमिनीच्या पोटात खरं पाणी कसं आहे ते ही बोअर सांगायची. दर तीन महिन्यांनी मी यायचे आणि नमुना घेऊन जायचे. लागोपाठ चार वेळा चांगला अहवाल आला, की जाळी निघणार, पाटी निघणार, असा हुकूम होता. जुलै चांगला गेला. ऑक्टोबर चांगला. जानेवारीही चांगला. हा चौथा नमुना होता.

“शालनला सातवा लागला,” बाटल्या मोजता मोजता हौसाक्का म्हणाली. “तिच्या सासूनं काय निरोप धाडलाय, ठाऊक हाय? म्हणती, पयलं बाळंतपण माहेरचं, कबूल. पण त्या पाण्यावर मी सून धाडणार न्हाई. सरकारी कागद दावा, मग न्या.”

“तिचंही चूक नाही, हौसाक्का.”

“चूक कुठं म्हणती मी? मी बी धाडली नसती. म्हणून तर तुझी वाट बघत बसली.” तिनं घराकडे बोट केलं. “भिताडं सारवली. बाज आवळून घेतली. डिंक आणला, आळीव आणलं. आता कागद तेवढा राह्यला.”

ती मला ‘म्याडम’ म्हणायची आणि त्याच दमात अरे-तुरे करायची. खात्यात कुणी असं बोललं असतं तर मी खाऊ की गिळू केलं असतं. तिचं मला आवडायचं. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, पुढं तेही गेले. लग्नानंतर दिवाळीला मैत्रिणी माहेरी निघाल्या, की मी मुद्दाम फील्डवरचं काम काढायचे. तीन महिन्यांनी खिलारेवस्तीला यायचं म्हटलं, की आदल्या दिवसापासून मला बरं वाटायला लागायचं. हे मी कधी कुणाला बोलले नाही.

जानेवारीत तिनं माझी ओटी भरली होती. मूठभर तांदूळ, एक नारळ, हळदीकुंकू. नारळ हातात धरून आधी थोडी घुटमळली. “माझ्यासारखीनं भरू न्हाई म्हणत्यात,” ती म्हणाली, “पर हितं बघायला कोण बसलंय? लेक मोकळ्या पदरानं जाऊ न्हाई.” जीपमध्ये बसल्यावर मी बाबरांना म्हटलं, धूळ गेली डोळ्यांत. त्यांनी काचा वर केल्या.

तर ती एप्रिलची सकाळ. कामाला लागण्याआधी मी नेहमीप्रमाणे हात धुतले, हातमोजे चढवले. बाबरांनी जीप वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेऊन बंद केली, धूर नमुन्यात नको म्हणून. हौसाक्कानं कनवटीची किल्ली काढून दिली. बोअरच्या झाकणाला कुलूप असायचं आणि त्याची एक किल्ली तिच्याजवळ असायची. नियमात हे बसत नव्हतं. पण मागं एकदा ऑफिसातली किल्ली हरवली आणि साठ मैलांचा हेलपाटा पडला, तेव्हा जादा किल्ली तिच्याकडे ठेवायची टूम मीच काढली होती.

मी टेप आत सोडली. पाण्याला टेकली की ती शिट्टी वाजवते. शिट्टी वाजली आणि मी आकडा वाचला. पुन्हा वर ओढून पुन्हा सोडली.

“काय झालं?” बाबरांनी विचारलं.

“जानेवारीत पाणी अकरा मीटरवर होतं. आज दहाच्या आत आहे.”

“उन्हाळ्यात वर आलं?”

“तेच म्हणते मी.”

पंप सोडला. बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी नमुन्याला चालत नाही, ते शिळं असतं. पाइपात जेवढं पाणी उभं असेल त्याच्या तिप्पट उपसून टाकायचं, दर थोड्या वेळानं बादलीत मीटर बुडवून आकडे बघायचे, आणि लागोपाठ तीन वेळा आकडा सारखा आला की समजायचं, आता जमिनीतलं ताजं पाणी आलं. मगच बाटली भरायची. जानेवारीत क्षारांचा आकडा सातशे नव्वदला येऊन थांबला होता. मी पहिल्या बादलीत मीटर बुडवला.

तेराशे साठ.

कारखान्याची घाण परत सुटली की काय? मी ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. पिवळं नव्हतं. वास मात्र होता, ओळखीचा वास, ब्लिचिंग पावडरचा. जमिनीच्या पोटात ब्लिचिंग पावडर कुठून येणार?

मी मागं वळून बघितलं. हौसाक्का पदराचं टोक हातात घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा फुलला होता.

“हौसाक्का, या बोअरमध्ये कुणी काही ओतलं का?”

“वतलं कुठं? विसळली,” ती म्हणाली. “म्याच.”

“काय?”

“आगं, तूच न्हाई का बाटल्या विसळत? मी इचारलं तवा तूच सांगितलंस, ज्यात पाणी घ्यायचं ते आदी तीनदा विसळायचं, म्हंजी मागचं काय चिकटलेलं ऱ्हात न्हाई. मंग मी म्हटलं, एवढीशी बाटली तीनदा विसळतीय आन एवढी मोठी बोर तशीच? हिच्यात तर कारखान्याची घाण चिकटलेली. म्हणून मागच्या टँकरचं पिंप हितं रिकामं केलं. तीन दिस, रोज पाच कळश्या. तीनदा.”

“आणि तुम्ही काय प्यायलात?”

“भागवलं की. आंघूळ न्हाई केली तीन दिस, काय बिघडलं?”

मी ओरडले. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, आणि आठवतं तेवढंही लिहावंसं वाटत नाही. बाटली आपण त्याच पाण्यानं विसळतो जे तिच्यात भरायचं असतं, एवढं साधं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. ते मी आता तिच्यावरच ओरडून सांगत होते. हौसाक्का आधी हसतच ऐकत होती, तिला वाटलं नेहमीचंच आहे. मग तिचा हात पदरावरून खाली आला.

“वाईट झालं का गं काय?” तिनं विचारलं.

बाबर पुढं आले. “मॅडम, अजून उपसूया. टँकरचंच पाणी आहे ना? निघून जाईल. दिवस आपलाच आहे.”

आम्ही उपसत राहिलो. ती बोअर सुस्त. थोडं उपसलं की तळ गाठायची, मग भरेपर्यंत थांबावं लागायचं. तिप्पट झालं, चौपट झालं. ऊन डोक्यावर आलं. हौसाक्का बोअरजवळच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी बसून होती, मी बादलीत मीटर बुडवला की मान उंच करायची. आकडा बाराशे झाला, हजार झाला, नऊशे दहा. ब्लिचिंगचा वास गेला. सहापट पाणी उपसून झालं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. सातशे ब्याण्णव. थोड्या वेळानं सातशे नव्वद. आणि मग पुन्हा सातशे नव्वद.

“मॅडम!” बाबरांनी बादलीवर थापच मारली. “तीन सारखे. स्वच्छ आहे पाणी. कारखान्याचं काही उरलेलं नाही यात.”

खरंच होतं ते. नितळ, गार पाणी. मी बाटल्या विसळल्या, तीनदा, त्याच पाण्यानं. भरल्या. एकीत आम्लाचे थेंब टाकले, चिठ्ठ्या लावल्या, सगळ्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या. मग जीपच्या बॉनेटवर तक्ता पसरला आणि एकेक रकाना भरत गेले. वेळ, पातळी, उपसलेलं पाणी, आकडे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. बोअरमध्ये बाहेरचं पाणी गेल्याचं दिसलं तर इथं नोंदवायचं, आणि नोंदवलं की तो नमुना बाद. अहवाल कितीही चांगला येवो, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चार वेळा. पुन्हा एक वर्ष.

“रिकामा सोडा,” बाबर हळूच म्हणाले.

“आणि पातळी वर का आली म्हणून विचारलं तर?”

“कोण विचारतंय? आणि खोटं काय आहे त्यात? पाणी चांगलंय, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. मी तर काही ऐकलंच नाही. ती म्हातारी काहीतरी बडबडत होती.” ते थांबले. “पोरीला सातवा लागलाय, मॅडम.”

मी पेन धरून उभी राहिले. उद्या अकरा घरं हे पाणी पिणार, लहान पोरं पिणार. आज मी एक रकाना दडवला तर उद्या दुसरा कुणी दुसरा दडवेल, असं माझ्या मनात आलं. ते चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण खरं सांगायचं तर दुसरंही होतं. ‘नियमबाई’ हे नाव मला प्यारं होतं. त्याला बट्टा लागू द्यायची माझी तयारी नव्हती.

मी लिहिलं. ‘स्थानिक रहिवाशाने बोअरमध्ये टँकरचे पाणी ओतले.’ खाली सही केली. किल्ली तिच्याकडे मी ठेवली होती, हे मात्र लिहिलं नाही. तेवढ्यापुरती मी नियमबाई नव्हते.

हौसाक्का तांदळाचं ताट घेऊन आली. “झालं का पास?”

“प्रयोगशाळेतून कळेल,” मी म्हणाले.

“मघाशी वरडलीस ते ऱ्हाऊ दे. लेकी वरडत्यातच.” तिनं माझी ओटी भरली. नारळ टाकला, कपाळावर कुंकू लावलं. “पुढच्या खेपंला शालन असंल हितं. आन माझ्या हिरीचं पाणी पाजीन तुला. टँकरच्या पाण्याचा च्या पाजायची लई लाज वाटती बघ.”

तक्ता माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. मी ओटी सांभाळत जीपमध्ये बसले.

प्रयोगशाळेचा अहवाल उत्तम आला आणि नियमाप्रमाणे नमुना बाद झाला. जुलैत मी गेले तेव्हा शालन तिथं नव्हती. तिला दिघंचीलाच मुलगी झाली होती. हौसाक्का बारशाला जाऊन एका दिवसात परत आली होती.

“मी लिहिलं होतं, हौसाक्का. तुम्ही पाणी ओतल्याचं.”

“ठावं हाय. वस्तीत कागद आला, गावातल्या मास्तरानं वाचून दावला.” तिनं कनवटीची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. “ही तुझ्यापाशीच असू दे. माझा काय भरवसा न्हाई.”

ती नेहमीसारखंच बोलली, भाकरी वाढली, लिंबाखाली बसून राहिली. निघताना ओटी मात्र भरली नाही. “नारळ न्हाई आज घरात,” म्हणाली. मला वाटलं, संपलं. कुठल्या तोंडानं मी तिच्याकडे मागणार होते? ऑक्टोबरात मी माझ्याजागी दुसऱ्या सहकाऱ्याला पाठवलं. जानेवारीतही मीटिंगचं निमित्त काढलं. ऑफिसातल्या खिडकीशी बसून दिवसभर मी त्या लिंबाचाच विचार करत होते. आज किती वाजता जीप पोचली असेल, तिनं पेटी कुणाच्या हातातून ओढली असेल. इतकी आठवण यायची, की जेवण जायचं नाही. तरी गेले नाही.

फेब्रुवारीत बाबरांनी सांगितलं. ताप आला आणि चार दिवसांत गेली.

एप्रिलचा चौथा नमुना मीच घेतला. लिंबाखाली कुणी नव्हतं. अहवाल चांगला आला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात खिलारेवस्तीची विहीर उघडली. जाळी निघाली, पाटी निघाली, गावातून चार-पाच घरं सामान घेऊन परतलीसुद्धा. नारळ फुटला, भाषणं झाली. मी कोपऱ्यात उभी होते. एक तरणी बाई कडेवर दहा-अकरा महिन्यांची पोर घेऊन सरळ माझ्याकडे आली.

“तुम्ही आवटी म्याडम ना? मी शालन. चला घरी.”

“शालन, मला आज घाई—”

“न्हाई म्हणायचं न्हाई. आईनं सांगून ठेवलंय.”

घर तिनं झाडून-पुसून ठेवलं होतं. बाज तिथंच होती, आवळलेली. शालननं पोरीला बाजेवर टाकलं आणि फळीवरचं एक गाठोडं काढलं. त्यातून एक खण निघाला, हिरवा, इरकली, घडी न मोडलेला.

“गेल्या दिवाळीच्या आदी बाजारातनं आणला होता तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “जुलैत म्हणं घरात नारळ नव्हता. तिला लई लागून ऱ्हायलं होतं, लेक मोकळ्या पदरानं गेली म्हणून. ऑक्टोबरात जीपचा आवाज आला तशी ताट घेऊन बाहीर गेली. तुमी न्हवता. जानेवारीत बी गेली.”

“शालन,” मी कसंबसं म्हटलं, “तुझं बाळंतपण इथं झालं नाही, ते माझ्यामुळं. मी तो शेरा लिहिला नसता तर—”

“आईनं सांगितलंय सगळं. म्हणाली, चूक माझी, बोर म्या नासवली. म्याडमनं खरं तेच लिवलं. तिच्यापुढं हा इषय काढू नगंस, तिला वाईट वाटंल.” शालन हसली. “आन तुमीच काढला बघा.”

तिनं खण, तांदूळ, नारळ माझ्या ओटीत घातले. मी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि रडत होते. पोरगी बाजेवरून माझ्याकडे टकामका बघत होती.

“बसा. पाणी देते. आईचं राहून गेलेलं.”

कोपऱ्यात नुकतीच विहिरीवरून आणलेली कळशी होती. शालननं तांब्या घेतला, कळशीतलं थोडं पाणी त्यात घातलं, खळखळवलं आणि मोरीत ओतलं. मग पुन्हा. आणि मग पुन्हा एकदा.

“आईची सवय लागलीय मला,” माझ्याकडे बघून ती ओशाळत म्हणाली. “शेवटच्या सालात ती सगळं असंच करायची. ज्या पाण्यानं भरायचं त्याच पाण्यानं तीनदा विसळायचं, म्हणायची, दुसऱ्या पाण्यानं न्हाई. कुठनं शिकली कुणास ठाऊक.”

तिनं तांब्या भरून माझ्या हातात दिला. मी तो तोंडाला लावला आणि सगळा संपवला.